डागी डाळिंबातला जिवाणू रोगकारक आहे का? तंबाखूच्या पानावर अशी घ्या परीक्षा

मुंबईच्या फळबाजारात डागी म्हणून बाजूला काढलेल्या डाळिंबांतून तेलकट काळपट डागांचं आणि डागावर एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडलेलं फळ निवडा. ही तेल्या रोगाची, म्हणजे तो करणाऱ्या झँथोमोनास जिवाणूची खूण. पण डागातून निघणारा प्रत्येक पिवळा जिवाणू रोग करणारा नसतो. रोग करण्याची ताकद मुख्यतः एचआरपी या जनुकसमूहात असते, आणि तो चालू आहे का हे तंबाखूच्या पानावर दोन दिवसांत कळतं.

डागाच्या कडेचे, जिथे निरोगी साल सुरू होते तिथले, ३ ते ५ मिमीचे तुकडे कापा. मधला काळा भाग घेऊ नका, तिथे कुजवणाऱ्या जिवाणूंची गर्दी असते. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० सेकंद, मग निर्जंतुक पाण्यात ३ वेळा धुवा. थोड्या निर्जंतुक पाण्यात कुस्करून १५ मिनिटं ठेवा आणि न्यूट्रियंट अगरच्या (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या) प्लेटवर रेघोट्या ओढा. पावसाळ्यात प्लेटा आधी नीट सुकवा, नाहीतर झाकणाचं पाणी पडून कॉलन्या एकमेकींत मिसळतात. २८ अंशांवर ३ ते ४ दिवस थांबा. २४ तासांतच भरभरून आलेली पिवळी कॉलनी बहुतेक वेळा उपरी असते. उशिरा येणारी गोल, फुगीर, चिकट पिवळी कॉलनी उचला आणि पुन्हा रेघोट्या ओढून शुद्ध करा.

शुद्ध कॉलनीची ताजी वाढ निर्जंतुक पाण्यात मिसळून मिलिलिटरला सुमारे १० कोटी पेशी येतील इतकी दाटी साधा. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात ओडी (गढूळपणाचं माप) ०.१ ते ०.२ धरून सुरुवात करा, पण एकदा तरी विरळ करून प्लेटवर मोजून घ्या. इथे हलगर्जीपणा अजिबात नको. १ लाखाच्या दाटीलाही पेशी मरतात, पण सुट्या सुट्या. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि चांगला जिवाणू नापास होतो.

६ ते ८ आठवड्यांच्या तंबाखूचं पूर्ण उमललेलं पान घ्या. १ मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज खालच्या बाजूने दोन शिरांमध्ये टेकवा, वरून बोटाचा आधार द्या आणि हळूच दाबा. भिजलेला भाग गडद दिसतो, त्याची कड मार्करने आखा. एसीच्या कोरड्या खोलीत पर्णरंध्रं मिटतात, पाणी आत जात नाही आणि जोर लावला की पान फाटतं. रोपाला आधी पाणी घालून उजेडात ठेवा. त्याच पानावर नुसतं पाणी, ई. कोलाय जिवाणूचा के-१२ हा निरुपद्रवी वाण आणि आधी खात्री केलेला रोगकारक जिवाणू असे ३ ठिपके हवेतच.

२४ ते ४८ तासांत आखलेला भाग खचून कागदासारखा वाळला, तर जिवाणू परीक्षेत उतरला. चार-पाच दिवसांनी आलेला नुसता पिवळेपणा धरू नका. ही पद्धत शास्त्रज्ञ क्लेमेंट यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८६ मध्ये लिंडग्रेन, पीट आणि पॅनोपोलस यांना स्युडोमोनास या दुसऱ्या रोगकारक जिवाणूचे असे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले वाण) सापडले, ज्यांना ना घेवड्यावर रोग करता येत होता, ना तंबाखूवर हा डाग. एचआरपी (हायपरसेन्सिटिव्ह रिअ‍ॅक्शन अँड पॅथोजेनिसिटी, म्हणजे पानावरची ही तीव्र प्रतिक्रिया आणि रोगकारकता) हे नाव त्यावरूनच पडलं. हे समूह सुईसारखी स्राव यंत्रणा बांधतात, तिच्यातून जिवाणू आपली प्रथिनं वनस्पतीच्या पेशीत सोडतो. तंबाखू ती ओळखून स्वतःच्या पेशी मारतो.

मुंबईत फसवतात ते ऊन आणि ओल. ३० अंशांवर ही प्रतिक्रिया मंदावते किंवा थांबते, म्हणून मे महिन्यात खिडकीतलं रोप नको. भिजलेपणा दोन-तीन तासांत सुकायला हवा. पिशवी झाकून पान ओलं राहिलं तरीही डाग येत नाही.

डाळिंबाच्या रोपावर मात्र याच्या उलट: पेशींचं तेच पाणी पानांच्या खालच्या बाजूला फवारून दोन दिवस पिशवी झाका, कारण रोगाला ओलच लागते. ही पायरी टाळू नका, झँथोमोनासचे काही वाण तंबाखूवर मंद असतात. दोन्हीकडे काहीच नसेल, तर एचआरपी बिघडलेला किंवा कॉलनीच चुकीची. तंबाखूवर डाग पण डाळिंबावर रोग नसेल, तर यंत्रणा चालते, पण हा जिवाणू डाळिंबाचा नाही, किंवा पिकावर टिकण्यासाठी लागणारं दुसरं काही हरवलं आहे. डाळिंबावर डाग आले, तर त्यातून तोच जिवाणू पुन्हा वेगळा काढा.

वारंवार प्लेट बदलत राहिलात तर रोगकारकता हरवू शकते, म्हणून पहिल्याच शुद्ध कॉलनीचा साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. पानं, फळं १२१ अंशांवर किमान २० मिनिटं आणि माती त्याहून जास्त वेळ ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. टोचलेलं रोप नाशिक-सोलापूरकडच्या कुणालाही देऊ नका, तिथे बागा आहेत.