या चुका टाळा: ऑलिंपिकच्या इतिहासातून गळणारे शब्द

‘भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबा जाधव यांनी मिळवलं.’ शाळेच्या भित्तिपत्रकापासून स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपर्यंत हे वाक्य सगळीकडे भेटतं. त्यातून एकच शब्द गळलाय: ‘स्वतंत्र’. तो गळला की १९०० सालचा नॉर्मन प्रिचर्ड आडवा येतो. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्डने पॅरिसला २०० मीटर धावण्यात आणि २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अशी दोन रौप्यपदकं घेतली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते, तर जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ती ब्रिटनच्या नावावर दाखवली आहेत.

म्हणूनच पॅरिस २०२४ अखेर भारताची पदकं कुठे ४१ दिसतात, कुठे ३९. ४१ लिहायची असतील तर प्रिचर्ड धरायचा, ३९ लिहायची तर तो वगळल्याचं सांगायचं. वर ४१ आणि खाली ‘पहिलं पदक १९२८ च्या हॉकीत’, असा लेख स्वतःलाच खोटं पाडतो.

खाशाबांबद्दल आणखी दोन गोष्टी तपासा. पदक १९५२ च्या हेलसिंकीतलं, फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटातलं, कांस्य. १९४८ च्या लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले होते, तिथे पदक नव्हतं. आणि याद्यांमध्ये दिसणारे ‘के. डी. जाधव’ म्हणजे गोळेश्वरचेच खाशाबा दादासाहेब जाधव. दोन ओळींत दोन पैलवान करू नका.

‘कितवं ऑलिंपिक?’ हा प्रश्न फसवा आहे

ऑलिंपियाड म्हणजे स्पर्धा नव्हे, तर चार वर्षांचा काळ. युद्धामुळे १९१६, १९४० आणि १९४४ च्या उन्हाळी स्पर्धा झाल्याच नाहीत, तरी त्यांचे क्रमांक मोजले जातात. हिशेब सोपा: सालातून १८९६ वजा करा, ४ ने भागा, १ मिळवा. २०२४ साठी १२८, मग ३२, मग ३३. पॅरिसची स्पर्धा ३३ व्या ऑलिंपियाडची, पण प्रत्यक्ष भरलेली ३० वी. दोन्ही आकडे बरोबर, पण आकड्यामागचा शब्द बदलला की उत्तर चुकतं.

हे सूत्र हिवाळी स्पर्धांना लावू नका. तिथे फक्त प्रत्यक्ष झालेल्या स्पर्धाच मोजतात, म्हणून बीजिंग २०२२ ही २४ वी. शिवाय १९९२ पर्यंत हिवाळी आणि उन्हाळी स्पर्धा एकाच वर्षी होत. १९९४ च्या लिलेहामरपासून त्या वेगळ्या झाल्या, त्यामुळे हिवाळीच्या दोन स्पर्धांमध्ये एकदाच दोन वर्षांचं अंतर दिसतं. ती छापील चूक समजून कुणी ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये.

सूत्रात न बसणारं साल १९०६. त्या वर्षी अथेन्सला स्पर्धा झाली, पदकंही दिली गेली, पण ऑलिंपिक समिती आज ती अधिकृत धरत नाही. जुन्या पदकयाद्यांची बेरीज जुळत नसेल तर आधी इथे शोधा. टोकियोचं उलट: भरली २३ जुलै २०२१ ला, नाव मात्र ‘टोकियो २०२०’ च राहिलं.

प्राचीन ऑलिंपिकचं पहिलं साल मानलं जाणारं इसवी सनपूर्व ७७६ ते आधुनिक स्पर्धांचं १८९६ हे अंतर सरळ बेरजेने २६७२ वर्षं येतं. ते २६७१ आहे, कारण शून्य साल नसतं.

१८९६ कडे आजच्या चष्म्यातून पाहणं

अथेन्सच्या विजेत्याला सुवर्णपदक मिळालं नव्हतं. पहिल्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी, दुसऱ्याला तांबूस धातूचं पदक, तिसऱ्याला काहीच नाही. सुवर्ण, रौप्य, कांस्य हा क्रम १९०४ च्या सेंट लुइसपासूनचा. आजच्या तक्त्यांत १८९६ ची ‘सुवर्णपदकं’ दिसतात ती मागाहून केलेल्या मांडणीमुळे. ‘प्रथम क्रमांक’ लिहा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

त्या स्पर्धेच्या तारखाही दोन प्रकारे मिळतात: ६ ते १५ एप्रिल आणि २५ मार्च ते ३ एप्रिल. ग्रीसमध्ये तेव्हा ज्युलियन पंचांग चालत असे, १२ दिवस मागे. दोन्ही एकत्र करून ‘२५ मार्च ते १५ एप्रिल’ अशी तीन आठवड्यांची स्पर्धा भरवू नका!

स्पिरिदोन लुईस याने जिंकलेली मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडनमध्ये आलं आणि १९२१ मध्ये प्रमाण ठरलं, त्यामुळे त्याच्या वेळेची आजच्या विक्रमाशी तुलना निरर्थक. महिला १९०० पासून. ज्योत १९२८ ची, मशालदौड १९३६ च्या बर्लिनची, प्राचीन ग्रीसची नाही. पाच वर्तुळांचं चिन्ह १९१३ चं, पण त्याचा ध्वज स्पर्धेत फडकला १९२० ला अँटवर्पमध्ये.

जुन्या कात्रणांवरून पदकं मोजणं

पदकतक्ता हा चालू खात्यासारखा असतो, स्पर्धा संपली तरी बंद होत नाही. बीजिंग २००८ संपताना चीनची सुवर्णपदकं ५१ होती. पुढे उत्तेजकांच्या फेरतपासणीत तीन महिला वेटलिफ्टरांची पदकं गेली आणि ती ४८ झाली. अमेरिकी अ‍ॅथलीट जिम थॉर्पची १९१२ ची दोन पदकं १९१३ मध्ये काढून घेतली, १९८२ मध्ये सहविजेता म्हणून परत दिली आणि तो एकटाच विजेता ठरला २०२२ मध्ये. तेव्हा आकड्यासोबत तो कोणत्या तारखेचा, हे लिहाच.

उलटी चूकही होते. रौप्यविजेत्यावरच्या उत्तेजकांच्या प्रकरणामुळे लंडन २०१२ चं पैलवान योगेश्वर दत्तचं कांस्य रौप्यात बदलणार, अशा बातम्या २०१६ मध्ये झळकल्या आणि काही नोट्समध्ये तेच कायमचं बसलं. ते प्रकरण पुढे बंद झालं. पदक आजही कांस्यच आहे.