लोकोपयोगी हॅकेथॉनमध्ये पहिल्यांदा सहभागी होताना

हॅकेथॉन, म्हणजे एक-दोन दिवस एकत्र बसून एखाद्या प्रश्नावर संगणकाच्या मदतीने उपाय तयार करण्याचा मेळावा, म्हटले की आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर बहुधा स्पर्धेचेच चित्र उभे राहते. २०१७ पासून होत असलेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे सहा जणांचा संघ, त्यात किमान एक विद्यार्थिनी, आधी जाहीर झालेली समस्या आणि परीक्षकांसमोरचे सादरीकरण हा साचा महाविद्यालयांत चांगलाच रुजला आहे. स्वयंसेवी गट लोकोपयोगी कामासाठी भरवतात ते हॅकेथॉन मात्र वेगळे असते. संघ बहुतेक वेळा तिथल्या तिथेच जमतात, बक्षीस असलेच तर नाममात्र असते, आणि शनिवार-रविवारी जे तयार होईल ते पुढेही कुणाच्या तरी उपयोगी पडावे एवढीच अपेक्षा असते. पुण्यातील अशा मेळाव्यांत मी काम केले आहे. पुढील सूचना त्या अनुभवावर आधारलेल्या आहेत.

पहिल्या सकाळी आपापला प्रश्न घेऊन आलेली माणसे थोडक्यात मांडणी करतात आणि बाकीच्यांनी कुठल्या टेबलावर बसायचे ते ठरवायचे असते. नवोदितांचा ओढा साहजिकच कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख असलेल्या विषयाकडे असतो. माझे मत असे की, ज्या टेबलावर ते काम प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती स्वतः बसलेली आहे तेच निवडावे, मग विषय कितीही रुक्ष वाटो. आमच्या टेबलावर दुष्काळी तालुक्यात पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या एक कार्यकर्त्या होत्या. कोणत्या गावांना वर्षानुवर्षे टँकर लागतो हे त्यांना एका तक्त्यात पाहायचे होते. त्यांच्याजवळ टंचाई अहवालांच्या पीडीएफ फायली आणि काही झेरॉक्स प्रती होत्या. त्यांना ॲप नको होते, आणि हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितल्यामुळे आमचा बराच वेळ वाचला.

अशा कामात प्रोग्रॅमिंग कमी आणि माहितीची साफसफाई जास्त असते, हे नवोदितांनी आधीच गृहीत धरावे. जुने सरकारी अहवाल अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची आजची सामाईक अक्षरसंकेत पद्धत रुजण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये, टंकलिखित केलेले असतात. त्यातील मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांची निरर्थक ओळ हाती येते, आणि ती परिवर्तकातून काढली तरी रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात. झेरॉक्स प्रती स्कॅन करून टेसरॅक्ट या, चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या मुक्त साधनाच्या मराठी प्रारूपातून वाचून घेता येतात, पण आकडे मात्र डोळ्यांनीच ताडून पाहावे लागतात. त्यानंतर गावांच्या नावांचा प्रश्न उभा राहतो. एकच गाव कुठे ‘बुद्रुक’, कुठे ‘बु.’, तर कुठे नुसत्या मूळ नावाने येते, आणि शेजारचे ‘खुर्द’ त्यात बेमालूम मिसळून जाते. ओपनरिफाइनसारखे साधन सारखी दिसणारी नावे एकत्र करून दाखवते, परंतु ती खरोखर एकाच गावाची आहेत का हे त्या भागाची ओळख असलेला माणूसच सांगू शकतो. आमच्या टेबलावर हे काम ज्यांना संगणकाची भाषा येत नव्हती त्यांनी केले, आणि ते सर्वांत मोलाचे ठरले.

गावे नावावरून न जोडता सांकेतिक क्रमांकावरून जोडावीत, हा नियम महाराष्ट्रात विशेष पाळण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याचे ३५ जिल्हे होते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि त्यानंतर औरंगाबाद, उस्मानाबाद व अहमदनगर या जिल्ह्यांची नावे बदलली. जनगणनेचा सहा अंकी ग्रामक्रमांक हाताशी असला की यातील बराच गोंधळ टळतो. मात्र टँकर गावांप्रमाणेच वाड्यांनाही जातात, आणि वाडीला स्वतंत्र ग्रामक्रमांक नसतो. ती कोणत्या महसुली गावातली हे शोधून, तसा वेगळा रकाना ठेवून नोंदवावे लागते.

दुपारपर्यंत तक्ता बऱ्यापैकी उभा राहिला तेव्हा एकाने रंगीत नकाशा सुचवला. नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मुक्त साधनात तयार झालाही. पण ग्रामपंचायतीचा प्रस्ताव, प्रत्यक्ष पाहणी आणि मंजुरी या टप्प्यांनंतरच टँकर सुरू होतो, त्यामुळे टँकर नाही म्हणजे टंचाई नाही असे मुळीच नव्हे, हे त्या कार्यकर्त्यांनी समजावून सांगितले. म्हणून शीर्षकात ‘पाणीटंचाई’ऐवजी ‘मंजूर टँकर’ असे लिहिले गेले. आकडा नेमका काय मोजतो हे विचारायला लाजू नये. नवख्याचा हा प्रश्न अनेकदा जाणत्यांनाही हवा असतो.

जाण्यापूर्वी काय शिकून जावे, असे विद्यार्थी विचारतात. स्प्रेडशीटमधील शोध व जुळवणीची सूत्रे आणि फायलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाचा प्राथमिक वापर एवढे पुरते. एक खबरदारी मात्र कटाक्षाने घ्यावी : मूळ कागदांत लोकांची नावे किंवा भ्रमणध्वनी क्रमांक असतील तर ते रकाने गिटच्या सार्वजनिक भांडारात (रिपॉझिटरीत) टाकण्यापूर्वीच काढावेत, कारण नंतर फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात ती शिल्लक राहते. तसेच ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनीच मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर नोंदी करायच्या असतील तर गुगल मॅप्सवरून माहिती उतरवून घेऊ नये. परवान्याच्या कारणास्तव तिथे ते चालत नाही.

अखेरच्या काही तासांत सगळे सादरीकरणाच्या मागे लागतात. त्याऐवजी एकाने तरी हस्तांतराची टिपणे मराठीत लिहायला बसावे : माहिती कुठून घेतली, कोणत्या रकान्याचा अर्थ काय, परवाना कोणता आणि काय राहून गेले. नोकरीच्या मुलाखतीत दाखवण्यासाठीही नकाशाच्या चित्रापेक्षा असे टिपण अधिक उपयोगी पडते, कारण निर्णय कसे घेतले हे त्यातून दिसते. न जुळलेल्या नोंदी गुपचूप वगळू नयेत. कारणांसह त्यांची वेगळी यादी द्यावी. आमच्या कार्यकर्त्यांनी नकाशाच्या आधी तीच यादी छापून मागितली, कारण पंचायत समितीत जाऊन कुठल्या वाड्यांबद्दल विचारायचे हे त्यांना त्यातूनच कळणार होते.