मागचा तानपुरा बेसूर आहे

घरी रेकॉर्डिंग सुरू करून मला जेमतेम दोन महिने झाले होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा एक अभंग रेकॉर्ड केला आणि हौसेने हेडफोन त्यांच्या कानाला लावला. काकूंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "छान आलंय रे, पण तो मागचा तानपुरा बेसूर आहे, तेवढा नीट लाव." आता गंमत अशी की ट्रॅकवर तानपुरा नव्हताच, तो मी नंतर टाकणार होतो. काकूंना जे ऐकू आलं ते आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या बिल्डिंगचं वायरिंग होतं.

हे नंतर कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये जो घूंऽऽ येतो तो ५० वर, आणि त्याच्या पटीत १००, १५० असा वर वर येतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचच्या जवळचा खर्ज, पण जरासा चढा. काकू गातात काळी चारमध्ये, म्हणजे अगदी शेजारचा सूर, मग बेसूर वाटणारच ना. माझ्या कानाला तो नुसता 'आवाज' वाटत होता, त्यांच्या कानाला सूर वाटला. तेव्हापासून पहिलं काम हेच करतो, आवाज कुठल्या जातीचा आहे ते ऐकतो. घूंऽऽ म्हणजे वीज, सूंऽऽ म्हणजे बहुतेक वेळा गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण), आणि टक टक म्हणजे कॉम्प्युटर. तिघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि नवीन माणूस (म्हणजे मीच) तिघांवर एकच औषध देतो, नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज पुसणारी सॉफ्टवेअरमधली सोय.

मी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आधी नवीन माइक घेतला, घूंऽऽ तसाच, उलट चांगल्या माइकमध्ये तो जास्त स्वच्छ ऐकू यायला लागला. मग युट्यूबवर बघून नॉच फिल्टर (एकाच ठिकाणचा सूर कापणारा) लावला ६० हर्ट्झवर, काही फरक नाही, दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग ट्यूब पेटली की तो व्हिडिओवाला अमेरिकन आहे, त्यांची वीज ६० ची, आपली ५० ची. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन इतकं लावलं की काकू पाण्याच्या टाकीतून गातायत असं वाटायला लागलं.

शेवटी उलगडा झाला तो एका गुरुवारी. पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको, दुरुस्तीसाठी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) यूएसबीवरच चालतो, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. आणि वेव्हफॉर्ममध्ये (स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात) त्या क्षणापासून मागची जाड रेघ एकदम बारीक. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकलीच नव्हती, खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा आवाजसुद्धा छान आला होता!

म्हणजे आवाज विजेतून येतोय हे नक्की, पण कशातून? लाईट आल्यावर सगळं बंद केलं आणि एकेक वस्तू चालू करत प्रत्येक वेळी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली, फाइलला नाव त्या वस्तूचं. फ्रिज, ट्यूबलाईट, फॅन, लॅपटॉपचा चार्जर, वाजवायच्या की-बोर्डचा अडॅप्टर, वायफायचा डबा. ऐकताना स्पेक्ट्रम अनलायझर (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) पण लावा, कानाला संशय येतो आणि डोळ्याला खात्री पटते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, घाईत दोन बदलल्या की परत पहिल्यापासून.

आमच्याकडे चोर तीन निघाले. पहिला फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, तो विजेची लाट कापून कापून फॅन हळू करतो, त्यामुळे मधल्या स्पीडला चरचर आणि फुल स्पीडला कमी. उपाय म्हणजे रेकॉर्डिंगला फॅन बंदच, मे महिन्यात गाणारा शिव्या देतो पण इलाज नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तरी असाच त्रास होतो.

दुसरा चोर लॅपटॉपचा चार्जर. चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की बारीक झिणझिण्या येतायत का बघा, आणि बॉडीला हात लावल्यावर रेकॉर्डिंगमधला घूंऽऽ बदलतोय का ते पण. आमच्याकडे दोन्ही होतं. कारण भिंतीत सॉकेट तीन पिनचं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, शोभेचं! इलेक्ट्रिशियनने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला तर पेटलाच नाही. मग सोसायटीच्या मागे लागून खाली खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेतलं. यात दीड महिना गेला त्यातले चाळीस दिवस मीटिंगमध्ये. तोपर्यंत रेकॉर्डिंग बॅटरीवर, तो फुकटचा उपाय आहे आणि आजही पहिला तोच करून बघायला सांगतो.

तिसरा सगळ्यात छळणारा, ग्राउंड लूप. की-बोर्डचं प्लग एका भिंतीत, लॅपटॉपचं समोरच्या भिंतीत आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल. अर्थिंगला असे दोन रस्ते मिळाले की केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) करंट फिरतो आणि तो घूंऽऽ होऊन ट्रॅकवर येतो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं आणि की-बोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य आणि इंटरफेसच्या मधे लावायचा छोटा डबा) घेतला, त्यावर ऑडिओ केबलमधला अर्थचा जोड तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. मोठ्या लांबीला बॅलन्स्ड केबल (बाहेरचा आवाज रोखणारी) घ्या, गिटारची साधी केबल लांब नेली की ती अँटेनाच होते. केबल, जॅक, डीआय हे सगळं मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन घेतो, हातात घेऊन वाकवून बघता येतं. आणि एक, कोणीतरी नक्की सांगेल की प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातो हे खरंय, पण उद्या शॉक लागला तर तुम्ही पण जाल. ते करायचं नाही म्हणजे नाही.

हो, मधे एक फसवणूक राहिली. घूंऽऽ स्पीकरमध्ये येतोय की रेकॉर्डिंगमध्ये? फाइल मोबाईलवर पाठवून इअरफोनने ऐका. तिथे नसेल तर ट्रॅक स्वच्छ आहे, लूप स्पीकरच्या बाजूला आहे. माझ्या एका मित्राने या नादात आठवडाभर चांगले ट्रॅक परत परत गायले.

सूंऽऽ चं फार काही नाही. माइक लांब ठेवून गेन वाढवला की प्रीअँपची (माइकचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटची) सळसळ वाढते, त्यामुळे माइक जवळ आणा. दोन फुटांवरून एका फुटावर आणला तर आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तेवढा गेन कमी करता येतो. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय ना, मग पीक, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, मीटरवर वजा १२ डेसिबलच्या आसपास राहिले तरी भरपूर, लाल दिव्यापर्यंत न्यायची गरज नाही. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, रस्त्यावरचा हॉर्न त्यांनी थांबत नाही. खोली घुमत असेल तर दोन जाड गोधड्या गाणाऱ्याच्या मागे टांगा.

टक टक येत असेल तर बफर बघा, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे किती तुकडे (सँपल) एका दमात हाताळतो ते सेटिंग. १२८ सँपलवर माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो, २५६ वर सुखात, आणि मिक्स करताना १०२४ करून टाकतो, तेव्हा आवाज जरा उशिरा ऐकू आला तरी कोणाला फरक पडत नाही. वायफाय बंद, लॅपटॉप हाय परफॉर्मन्सवर. सँपल रेट (सेकंदाला किती सँपल घेतले तो आकडा) पण सगळीकडे एकच ठेवा, एकदा तबलजींचा ४४.१ किलोहर्ट्झचा ट्रॅक ४८ च्या प्रोजेक्टमध्ये कन्व्हर्ट न होता बसला आणि तबला जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीवरच्या दीड पट्ट्या) वर चढला, लयही पळाली. ते फोनवर म्हणाले, "मी एवढा द्रुत कधी वाजवला?"

आता ओळखीतले लोक त्यांच्या फाइली साफ करायला पाठवतात, थोडेफार पैसेही मिळतात. या कामात शिरायचं असेल तर पैसे ठरवायच्या आधी फाइल मागवा आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचे दहा सेकंद कापू नका असं आवर्जून सांगा, त्याच शांततेवरून नॉइज प्रिंट (नुसत्या मागच्या आवाजाचा नमुना) घेता येतो. ५०, १००, १५० वर अरुंद नॉच, गाण्याच्या आवाजाला लो कट (८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा), मग नॉइज रिडक्शन अगदी हलकं, मी १० डेसिबलच्या पुढे सहसा जात नाही. क्लिप झालेली (आवाज लाल दिव्याच्या वर जाऊन फाटलेली) फाइल आली तर पैसे घेत नाही, सरळ सांगतो की परत गा. काकूंचा तो अभंग पण परत रेकॉर्ड केला, गुरुवारी, फॅन बंद करून. यावेळी तानपुरा खरंच लावला होता, तर म्हणाल्या, "जरा हळू कर रे, आवाजावर येतोय."