मॅच सुटल्यावर गेटवर ताटकळू नका

मॅच संपली की हजारो माणसं एकदम फोन काढतात आणि नेटवर्क झोपतं. टॅक्सीचं अ‍ॅप नुसतं गरगरत राहतं. गाडी मिळालीच, तरी ड्रायव्हर गर्दीत अडकलेला. दोनदा असा तासभर फुटपाथवर काढल्यावर मी गेटवर गाडी बोलावणं सोडलं.

१. घरून निघतानाच नकाशावर स्टेडियमपासून पंधरा-वीस मिनिटांवरची एक ठळक खूण हेरा: पेट्रोल पंप, हॉस्पिटल, काहीही. जवळच्या स्टेशनच्या उलट दिशेची असेल तर उत्तम, कारण गर्दी सगळी स्टेशनकडे वळते. त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

२. बरोबरच्यांना आधीच सांगा, चुकामूक झाली तर तिथेच भेटायचं. इंटरनेट बंद असलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

३. सुटल्यावर तडक चालत तिथे जा आणि मगच गाडी मागवा. भाडंही बहुधा कमी दिसतं. तेवढ्या चालण्यात हरल्याचा रागही थोडा उतरतो, हा वरचा फायदा.

शेवटची पाच षटकं सोडून लवकर निघणारेही असतात. मला ते जमत नाही.

मॅचला आत जाताना एक मात्र सांभाळा. तिकिटाच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. काही तिकिटांचा क्यूआर कोड सतत बदलतो आणि जुना गेटवर चालत नाही. तिकीट गर्दीत शिरण्याआधीच अ‍ॅपमध्ये उघडून ठेवा.