लेटनचं ‘म्युझिक लेसन’ भिंतीवर लावताना

फ्रेडरिक लेटन यांचं १८७७ सालचं ‘म्युझिक लेसन’ हे चित्र लंडनच्या गिल्डहॉल आर्ट गॅलरीत आहे. अनवाणी बसलेली तरुणी, तिला टेकलेली लहान मुलगी, हातात तंतुवाद्य आणि तारांवर बोटं कशी ठेवायची ते शिकण्या-शिकवण्यात दोघी पार गढून गेलेल्या. घरात लावायला इतकं शांत चित्र क्वचितच मिळेल.

प्रिंट घेताना माप आधी बघा. मूळ चित्र जवळपास चौरस आहे. तयार १२ बाय १८ च्या फ्रेममध्ये बसवायला गेलात तर कडा कापल्या जातात आणि नेमके पाय किंवा मागचं संगमरवरी काम जातं. त्यापेक्षा फ्रेमवाल्याकडून चौकट मापाने बनवून घ्या, भोवती दोन-अडीच इंच मोतिया रंगाचा माउंट (चित्र आणि चौकट यांच्यामधली जाड कागदाची पट्टी) सोडा. पांढराशुभ्र माउंट नको, त्यापुढे वस्त्रांचे सोनेरी-पांढरे रंग मळकट दिसतात. काच शक्यतो चकाकी न येणारी.

थेट ऊन येणारी भिंत टाळा, रंग विटतात. बैठकीजवळ लावणार असाल तर थोडं खालीच लावा. बसल्या जागेवरून ती बोटं दिसली पाहिजेत.