लिनक्सवर नेक्स्टक्लाउडच्या व्हर्च्युअल फायली बंद करताना

नेक्स्टक्लाउड म्हणजे सर्व्हरवरच्या आणि संगणकावरच्या फायली जुळवून ठेवणारी (सिंक करणारी) प्रणाली. तिच्या व्हर्च्युअल फायली फोल्डरमध्ये दिसतात, पण त्यांचा मजकूर सर्व्हरवरच असतो आणि लागेल तेव्हाच उतरतो. विंडोजवर व्हर्च्युअल फायलींचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीने चालतं. फाइल तिच्या खऱ्या नावाने दिसते आणि उघडली की उतरते. लिनक्सवर नेक्स्टक्लाउडचा क्लायंट (संगणकावर बसवलेलं ॲप) सहसा फाइलच्या जागी 1 बाइटची नाममात्र फाइल ठेवतो आणि नावामागे ‘डॉट नेक्स्टक्लाउड’ असं शेपूट लावतो. सोय प्रायोगिक ठरते ती याचमुळे.

डबल-क्लिक केल्यावर फाइल उतरते, पण क्लायंट चालू असेल तरच. लिब्रेऑफिसच्या ‘ओपन’ खिडकीतून, स्क्रिप्टमधून किंवा ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधताना हाती लागतो तो फक्त 1 बाइट. आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या कमांडने घेतलेल्या बॅकअपचंही तेच. बॅकअप विनातक्रार पूर्ण होतो आणि फायली रिकाम्या निघतात. गिटचं रिपॉझिटरी (कोडच्या आवृत्त्या जपणारा फोल्डर) अशा फोल्डरमध्ये मुळीच ठेवू नका. आणि जागा अडवत नाहीत तरी या फायली ‘कचरा’ समजून उडवू नका, कारण त्यासोबत सर्व्हरवरची मूळ फाइलही जाते. चुकून उडवलीच, तर आधी सर्व्हरच्या ‘डिलीटेड फाइल्स’मध्ये बघा.

बंद करण्याआधी दोन आकडे घ्या: सर्व्हरवर एकूण किती डेटा आहे आणि डीएफ कमांडप्रमाणे डिस्कवर किती जागा मोकळी आहे. फोल्डरशेजारच्या तीन टिंबांच्या मेनूतलं ‘डिसेबल व्हर्च्युअल फाइल सपोर्ट’ दाबलं, की फक्त ऑनलाइन असलेलं सगळं खाली उतरू लागतं. इशाऱ्याच्या खिडकीत हे लिहिलेलं असतं, पण ती वाचतो कोण! मोकळी जागा 250 एमबीच्या खाली नेणारी डाउनलोड क्लायंट वगळतो आणि सिंक अर्धवट राहतो.

डिस्क पुरेशी असेल तर हाच मार्ग घ्या. नसेल तर असं करा:

1. सिंक पूर्ण होऊन हिरवी खूण येईपर्यंत थांबा. सर्व्हरवर न चढलेले बदल नाहीतर जुन्या फोल्डरमध्येच अडकतात.
2. त्याच मेनूतून ‘रिमूव्ह फोल्डर सिंक कनेक्शन’ निवडा. याने सर्व्हरवरच्या फायली जात नाहीत.
3. नव्या, रिकाम्या फोल्डरशी कनेक्शन जोडा. व्हर्च्युअल फायलींच्या चौकटीत खूण करू नका आणि हवे तेवढेच फोल्डर निवडा. व्हर्च्युअल फायली चालू असताना ही निवड मिळत नाही.
4. नवा फोल्डर हिरवा झाल्यावर आणि जुन्यात काही राहिलं नाही ना हे पाहून मगच जुना काढा. तो आता कशाशीच जोडलेला नसतो.

कोणताही मार्ग घेतला तरी शेवटी फाइंड कमांडने ते शेपूट असलेली नावं शोधा. एकही सापडता कामा नये.

प्रायोगिक पर्याय सेटिंग फाइलमधून चालू केला असेल, तर तो चालू करणारी ओळही काढा. ही फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, ‘नेक्स्टक्लाउड’ या फोल्डरात असते. फ्लॅटपॅकवरून (लिनक्सवर ॲप बसवण्याची एक पद्धत) बसवलेल्या क्लायंटची मात्र ‘डॉट व्हार’खाली सापडते. ओळ काढण्याआधी ट्रेमधल्या (पडद्याच्या कडेच्या चिन्हांमधल्या) क्लायंटच्या चिन्हावरून ‘क्विट’ करा. नुसती खिडकी मिटल्याने क्लायंट बंद होत नाही.