संग्रहालयात जाण्याआधी नावांची वही

मुंबईतल्या स्त्रियांचा इतिहास शोधायला गटाने फेरी काढायची असेल तर आधी धागा एकच ठरवा. ‘मुंबईतल्या कर्तबगार स्त्रिया’ असा ढोबळ विषय घेतला की दिवस नुसता फिरण्यात जातो. शिक्षण, डॉक्टरी, गिरणीकाम, बेचाळीसचा लढा यांपैकी एकच घ्या. गट बारा-पंधरा जणींचा पुरे. त्याहून मोठा झाला तर मागच्यांना काचेतलं काही दिसत नाही.

मग नावांची वही करा. काम कंटाळवाणं आहे, पण तेच टाळलं जातं आणि पुढे शोध अडतो. दर बाईमागे रकाने आखा: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडील, नवरा, इंग्रजीतली स्पेलिंगं, टोपणनावाची सही. उदाहरणार्थ रखमाबाई, आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात लावलेला दावा ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ या नावाने नोंदलेला आहे, म्हणजे अनुक्रमणिकेत आधी नवराच भेटतो. १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात आलेल्या त्यांच्या पत्रांखाली सही आहे ‘ए हिंदू लेडी’. आज रूढ असलेलं राऊत हे आडनाव सावत्र वडिलांचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं. नुसतं ‘रखमाबाई’ शोधणारीच्या हातून यातलं बरंच निसटतं.

राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. इतर दिवशीही दुरुस्तीसाठी दालनं बंद नाहीत ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. भायखळ्याला पूर्वेकडे उतरा. तिथल्या मातीच्या प्रतिकृतींत बायका जातीवरून, धंद्यावरून ओळखू येतात. नाव एकीलाही नाही. म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्या: हातात काय आहे, लुगडं कसं नेसलंय, हे घडवलं कोणी आणि कोणाला दाखवायला? प्रश्न नसले की माणसं ‘किती बारीक काम!’ म्हणून पंधरा मिनिटांत बाहेर पडतात.

बेचाळीसचा धागा असेल तर ग्रँट रोडला पश्चिमेकडे उतरून मणिभवन (गांधीजी मुंबईत उतरत ते घर) आणि ऑगस्ट क्रांती मैदान एका सकाळीत चालत होतात. ९ ऑगस्टला अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला तो याच मैदानात. त्याच महिन्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. शिक्षणाचा धागा असेल तर याच गावदेवी-चौपाटी भागात राहा: पंडिता रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदासदन, १८८९ साली चौपाटीजवळ सुरू झाली, बायकांना शिकवणारी सेवासदन ही संस्था १९०८ ची. डॉक्टरीचा धागा असेल तर सीएसएमटीजवळचं कामा हॉस्पिटल १८८६ चं, पण ते चालतं रुग्णालय आहे. बाहेरूनच पाहा, पेशंटचे फोटो नकोत.

फेरीला व्याख्यान जोडायचं असेल तर ते चालायला निघण्याआधी ठेवा, चाळीस मिनिटांचं. जेवणानंतर ठेवलं तर डुलक्या ठरलेल्याच. वक्त्याकडून तीन फोटो किंवा वस्तू आणि त्या प्रत्येकाचा मूळ आधार आठवडाभर आधी मागवा. नाहीतर भाषण होतं, शोधाचा रस्ता कळत नाही.

वस्तीतल्या आजींच्या आठवणी घ्यायच्या असतील तर आधी परवानगी, मग रेकॉर्डिंग. फोन फ्लाइट मोडवर, पंख्यापासून लांब. ‘काम काय करायचात?’ असं विचारू नका. पहाटेपासून गिरणीकामगारांची खानावळ चालवणारीही ‘घरीच होते’ म्हणते. ‘सकाळी किती डबे निघायचे? संपात उधारी कशी फिटली?’ असं विचारा. गिरणीत गेलेल्या बाईला खातं विचारा, वाइंडिंग की रीलिंग (दोन्ही सूत गुंडाळण्याची), आणि नाईकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, कोण होती तेही. खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभं केलं, एवढं माहीत असलं तर बोलणं लवकर सुरू होतं.

दहिसरच्या ‘स्पॅरो’ या स्त्रियांविषयीच्या ध्वनी-चित्र संग्रहात किंवा काळा घोड्याच्या राज्य अभिलेखागारात जायचं असेल तर वेळ आधी ठरवून घ्या. ओळखपत्र आणि पेन्सिल जवळ ठेवा, शाईचं पेन घरी. जून ते सप्टेंबर पायी फेरी टाळा. दालनातला कार्यक्रम तेवढा चालेल.